आत्याची फाइल : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४

काम: आत्याच्या सगळ्या तक्रारी एका तक्त्यात आणणे.

वय ६४, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नाशिकरोडला एकटी राहते. मधुमेह २०१४ पासून. आज तिच्या कपाटातून फायली काढल्या. हाडांचे, दातांचे, कान-नाक-घशाचे, हृदयाचे, त्वचेचे, प्रत्येकाची वेगळी फाइल, वेगळी पिशवी. साखरेसाठी फॅमिली डॉक्टर आहेत, त्यांची एक वही. एकाही फायलीत दुसरीचा उल्लेख नाही. प्रत्येक डॉक्टरांनी समोर आलेल्या तक्रारीवर बरोबरच औषध दिलंय असं दिसतं, पण आत्या काही बरी होत नाही.

कंपनीत माझं काम क्वालिटीचं. एकाच पार्टवर वेगवेगळ्या तक्रारी आल्या की आम्ही आधी त्या तारखेने लावतो आणि शेजारच्या रकान्यात त्या काळात प्रोसेसमध्ये काय काय बदललं ते लिहितो. इथेही तेवढंच करायचं. निदान डॉक्टर करतील. त्यांच्या टेबलावर वाचता येईल असा एक कागद ठेवायचा, एवढीच या कामाची हद्द.

आत्याची अट: "कागद कर, पण साऱ्या खानदानात दवंडी पिटू नकोस."

२३ जून

"काय होतंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, वय झालं." म्हणून तो प्रश्न काढूनच टाकला. दोनच गोष्टी विचारल्या. उठल्यापासून झोपेपर्यंत दिवस कसा जातो? आणि दोन वर्षांपूर्वी करत होतीस पण आता सोडलंस असं काय काय आहे? दुसऱ्या प्रश्नाने वही भरली.

पायांत चप्पल आहे की निसटली हे तिला खाली बघितल्याशिवाय कळत नाही. देवळातून येताना एक चप्पल मागे राहिली, शेजारणीने सांगितलं तेव्हा समजलं. मुंग्या २०२२ च्या दिवाळीनंतर सुरू झाल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना, आता घोट्यापर्यंत. दोन्ही पायांना सारख्याच.

न्हाताना डोक्यावरून तांब्या ओतला, डोळे मिटले की तोल जातो. एक हात नळावर ठेवून आंघोळ करते. रात्री लाइट गेली तर असेल तिथे खाली बसते. कानाच्या डॉक्टरांना तिने हे "चक्कर येते" असं सांगितलं होतं, त्यांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. मी विचारलं, घर फिरतं का गं? "नाही, घर जागेवरच असतं, मी हलते." हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

जीभ लाल आणि गुळगुळीत. मिरचीचं सोडा, फोडणीचं वरणही झोंबतं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली आणि लावायला जेल दिलं.

एक मजला चढली की दम लागतो, छातीत धडधडतं. ईसीजी आणि टू-डी इको, दोन्ही ठीक.

हाताच्या बोटांची पेरं काळवंडली आहेत, त्यावर मलम. केस गळतात, त्यावर गोळ्या. उजवा हात वर जात नाही, वेणी घालायला शेजारची मुलगी येते. वजन थोडं उतरलंय. आणि शब्दकोडं सोडलं. रोज पेपर आला की पहिलं कोडं सोडवणारी बाई म्हणते, "शब्द तोंडावर येतो आणि परत जातो." हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून.

मधे एका डॉक्टरांनी "मनावर ताण असेल" म्हणून झोपेची हलकी गोळी दिली होती. ते तिला फार लागलं. ताणाने शरीराला खऱ्या तक्रारी होतात, त्यात खोटं काही नाही, आणि सगळ्या तपासण्या साफ आल्या असत्या तर त्या दिशेनेही नीट काम करावं लागलं असतं. पण फक्त डोळे मिटल्यावरच तोल का जातो, याचं उत्तर ताणात मिळत नाही.

३० जून

आज औषधांचा रकाना. केमिस्टने मोबाइल नंबरवरून जुनी बिलं काढून दिली. बाकीचं शेवयांच्या डब्यात: आत्या संपलेल्या स्ट्रिप फेकत नाही. क्रम असा लागला.

२०१४: मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, सुरू, दिवसाला १ ग्रॅम.

२०१९: गुडघ्यासाठी वेदनाशामक. पोटाला त्रास नको म्हणून सोबत पित्ताची गोळी, पॅन्टोप्राझोल. वेदनाशामक काही महिन्यांत थांबलं, पॅन्टोप्राझोल आजही रोज सकाळी चहाआधी. ते बंद कर असं कुणी सांगितलंच नाही, म्हणून चालू राहिलं.

२०२१: गॅस होतो म्हणून दूध बंद. मग दहीही सुटलं. कोरा चहा. आत्या जन्माची शाकाहारी, अंडंही नाही.

२०२२ हिवाळा: मुंग्या.

मार्च २०२३: थकवा, हिमोग्लोबिन ९.८. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. हिमोग्लोबिन १०.९ झालं, गोळ्या थांबवल्या. मुंग्या मात्र त्याच काळात तळव्यांवरून घोट्याकडे सरकल्या.

ऑगस्ट २०२३: तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए१सी, ७.८ आला. मेटफॉर्मिन दुप्पट, दिवसाला २ ग्रॅम.

जानेवारी २०२४: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या, १० मिलिग्रॅमच्या.

मार्च २०२४: चक्करेच्या गोळ्या.

तक्रारींचा रकाना या रकान्याशेजारी ठेवला. जिभेची आग, दम, तोल जाणं, तिन्ही २०२३ च्या उत्तरार्धातल्या. खांदा मात्र या ओळीत बसत नाही. तो २०२० पासून कधी कमी कधी जास्त असा आहे.

७ जुलै

रिपोर्ट. ही नोंद लांबणार, कारण गंमत इथेच आहे.

एक: साखरेची दोन मापं आपसात जुळत नाहीत. एचबीए१सी ७.८ म्हणजे सरासरी साखर साधारण १७७. आत्या घरच्या मीटरवर नेमाने मोजते. उपाशीपोटी १०५ ते १२०, जेवणानंतर १४० ते १५०. यांची सरासरी १७७ होणं शक्य नाही. दोन गेज, म्हणजे मोजायची साधनं, वेगळी मापं दाखवत असतील तर आधी गेज तपासायची असा आमचा नियम. त्याच सकाळी लॅबमध्ये आणि मीटरवर मोजलं: लॅब ११२, मीटर १०८. म्हणजे मीटर ठीक. मग एचबीए१सीमध्ये काय घोळ? वाचल्यावर कळलं की हा आकडा तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचा असतो आणि पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून काढलेला असतो. लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, त्यांच्यावर साखर जास्त दिवस साचलेली असते. साखर न वाढता आकडा वाढतो. आणि त्या आकड्यावर मेटफॉर्मिन दुप्पट झालं होतं.

दोन: मे महिन्याचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिमोग्लोबिन १०.३. पेशींचं सरासरी आकारमान, एमसीव्ही, ९० (मर्यादा ८० ते १००), म्हणून रिपोर्टवर "नॉर्मल". पण त्याच्याच खालच्या ओळीत आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, २०.१, जे साधारण १४.५ पर्यंत हवं. या ओळीखाली कुणीही रेघ मारलेली नाही. आमच्या खात्यातला नवा मुलगाही हे सांगेल: मीन, म्हणजे सरासरी, टार्गेटवर आहे, पसारा भयंकर आहे. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी छान मधोमध येते आणि दोन्ही दोष झाकले जातात. हा अजून अंदाजच.

तीन: थायरॉइडला काम सांगणारं संप्रेरक, टीएसएच, ०.१८, म्हणजे फार कमी. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-४, किंचित जास्त. शेरा: "थायरॉइड वाढलेला, तज्ज्ञांना दाखवा." धडधड, वजन उतरणं, केस गळणं, सगळं त्यात बसतंय. आत्याने तर मानही डुलवली, "बघ, थायरॉइडच असणार."

१३ जुलै

संभाव्य कारणं आणि प्रत्येकासमोर दोन प्रश्न: हे कशाकशाचं उत्तर देतं, आणि कशाचं देत नाही?

थायरॉइड. धडधडीचं उत्तर देतं. चप्पल निसटल्याचं देत नाही, जिभेचंही नाही. शिवाय एक अडचण. अनेक लॅबमधल्या संप्रेरकांच्या चाचण्या बायोटिनच्या रासायनिक जोडणीवर चालतात. रक्तात औषधातलं बायोटिन भरपूर असेल तर चाचणी फसते, टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. शरीराला बायोटिन रोज मायक्रोग्रॅममध्ये लागतं, आत्या १० मिलिग्रॅम घेते. फॅमिली डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, केसांची गोळी आजपासून बंद, चाचणी परत करू. थायरॉइडची गोळी सुरू होण्याआधी हे झालं ते बरं झालं.

मधुमेहाने खराब झालेल्या नसा. मुंग्यांसाठी पहिला संशयित, आणि कुणाही डॉक्टरांचा असणारच. पण साखर वर्षानुवर्षं ताब्यात आहे. जीभ, पेरं, आरडीडब्ल्यू यांचं काय?

मानेचे मणके. तोल आणि पाय यांचं उत्तर देऊ शकतं. तपासायलाच हवं.

गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर विचारात घ्यावा असं वाचलं. पोटाची तक्रार फारशी नाही.

बी-१२. मुंग्या, तोल, जीभ, दम, विसर, पेरांचा काळेपणा, सगळ्यांचं उत्तर देतं. पेरांबद्दल मला माहीत नव्हतं. सावळ्या वर्णाच्या लोकांत बोटांच्या सांध्यांवर असा काळेपणा येतो आणि उपचारांनी जातो, हे भारतातल्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवलंय. खांद्याचं उत्तर बी-१२ देत नाही. मधुमेहात खांदा आखडणं नेहमीचं, ते वेगळं प्रकरण.

औषधांच्या रकान्याशी ताडून पाहिलं. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, जठरातल्या आम्लाने ते सुटतं. पित्ताची गोळी ते आम्लच कमी करते. सुटलेलं बी-१२ जठरातूनच स्रवणाऱ्या एका प्रथिनाशी जोडलं जातं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं. मेटफॉर्मिन त्या टोकाला अडथळा आणतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये सांगितलंय की मेटफॉर्मिनवरच्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा. आणि मुळात ताटात येणारं बी-१२ दुधादह्यातून होतं, तेही २०२१ ला बंद. आवक बंद, सुटणं बंद, शोषण अर्धवट.

मग त्रास लगेच का नाही झाला? रोजची गरज जेमतेम २ मायक्रोग्रॅम आणि यकृतात साठा काही मिलिग्रॅमचा. तो साठा वर्षानुवर्षं पुरतो. म्हणूनच कारण आणि परिणाम यांच्या तारखा इतक्या लांब पडतात की कुणाला जोड दिसत नाही.

१७ जुलै, आषाढी

फोनवर सहज बोलणं. आत्याला आठवलं: मागच्या वर्षी लग्नासाठी गावी गेली असताना अशक्तपणा आला, तिथल्या डॉक्टरांनी "ताकदीचं लाल इंजेक्शन" दिलं. नंतर महिनाभर जिभेला आराम होता. तिने त्याचा संबंध गावच्या हवेशी लावला होता. बी-१२ चा रंगच लाल असतो, त्यात कोबाल्ट आहे. तक्त्यात टाकलं, तारीख लग्नपत्रिकेवरून.

२१ जुलै

मनाला आवर घालायची नोंद. एकच कारण सगळीकडे बसायला लागलं की माणूस बाकीचं बघणं सोडतो.

पुण्यात केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ वर बरीच वर्षं काम केलंय. पुणे शहर आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी होतं. हे बहुतेक हिंडते-फिरते, धडधाकट लोक. म्हणजे आपल्याकडे कुणाचंही रक्त तपासलं तर आकडा कमी येण्याची शक्यता मोठी. आत्याचा आकडा कमी आला म्हणून तिच्या मुंग्या त्यानेच आल्या असं सिद्ध होत नाही. आकड्याबरोबर शरीरावर खूण हवी, पेशीत खरोखर टंचाई आहे हे दाखवणारी दुसरी चाचणी हवी, आणि शेवटी उपचाराला उत्तर मिळायला हवं.

लोह-फॉलिकच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं पण मुंग्या वाढल्या, याचा माग काढताना थेट मुंबई लागली. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. तांबड्या पेशी मोठ्या, बाई खंगलेली. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिला की रक्त भरून यायचं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. १९४०च्या दशकात ते कारखान्यात बनायला लागलं आणि डॉक्टरांनी बी-१२ च्या कमतरतेवरही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, नसा मात्र बिघडत राहिल्या. काही जणांच्या तर जास्तच. बी-१२ स्वतः हाती लागलं ते १९४८ मध्ये. आत्याच्या २०२३ च्या दोन ओळी या जुन्या इतिहासात चपखल बसतात: रक्त थोडं वर, पाय आणखी खाली.

(हाफकिनवरून लोकलने, बसने कितीतरी वेळा गेलेय. ती इमारत म्हणजे प्लेगची लस एवढंच डोक्यात होतं.)

काकूंचा सल्ला: रोज ताक दे, आणि ती हिरवी स्पिरुलिनाची पावडर. ताकात थोडं बी-१२ असतं खरं, पण पातळ ताकात फारच थोडं, आणि शोषणच अडलेलं असेल तर कितीही ताक रिचवून काय होणार. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं, माणसाच्या उपयोगाचं नसलेलं. काकूंना एवढंच सांगितलं की डॉक्टरांना विचारते.

२७ जुलै

फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, फिजिशियनकडे गेलो. कागद एकच पान ठेवला होता: डावीकडे तक्रारी तारखेने, उजवीकडे औषधं आणि खाण्यातले बदल तारखेने, खाली रिपोर्टमधले फक्त न जुळणारे आकडे. "बी-१२" हा शब्द कागदावर कुठेही लिहिला नव्हता. मुद्दामच. डॉक्टरांच्या तोंडी आपलं उत्तर घालायचं नाही.

ते एका ओळीवर थांबले: घर जागेवरच असतं, मी हलते. ट्यूनिंग फोर्क काढला. घोट्याच्या हाडावर ठेवून विचारलं, थरथर जाणवते? काहीच नाही. गुडघ्यावर अंधुक. मनगटावर स्वच्छ. आत्याला डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला. तिने सांगितलेली दिशा बऱ्याचदा चुकली. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं तर लगेच झुकली, त्यांनी धरलं. मग हातोडी. गुडघ्याचा झटका जोरात, घोट्याचा नाहीच.

त्यांनी समजावून सांगितलं ते लिहून ठेवते. पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारी वाट पाठीच्या कण्यातून मागच्या बाजूने जाते. ती बिघडली की माणूस डोळ्यांनी बघून तोल सावरतो. डोळे मिटले की तो आधार जातो. नुसत्या मधुमेहाच्या नसांनी गुडघ्याचा झटका मंद व्हायला हवा. तो जोरात आहे म्हणजे कण्यातही काहीतरी आहे. बी-१२ कमी असू शकतं, मानेत मज्जारज्जू दाबलेला असू शकतो, दोन्हीही असू शकतं. एमआरआय करायचाच.

आणि क्रम: रक्त आधी, इंजेक्शन नंतर. एकदा इंजेक्शन गेलं की बी-१२ च्या आकड्याला अर्थ राहत नाही. पण नसांवर खुणा दिसत असल्याने रिपोर्टची वाट बघायची नाही. रक्त दिलं आणि लगेच पहिलं इंजेक्शन, १००० मायक्रोग्रॅम. आत्याने रंग बघितला आणि म्हणाली, "अगं, हेच ते."

३ ऑगस्ट

बी-१२: ११८ (लॅबची खालची मर्यादा २००). होमोसिस्टीन, पेशीत बी-१२ कमी पडलं की वाढणारा घटक: ४१ (१५ पर्यंत हवं). क्रिएटिनिन ठीक, म्हणजे मूत्रपिंडामुळे होमोसिस्टीन वाढलेलं नाही. फॉलेट ठीक. फेरिटिन ८, लोहाचा साठा जवळपास रिकामा. सिलिॲकची चाचणी साफ. टीएसएच, बायोटिन बंद केल्यानंतर: २.६. थायरॉइडचा रकाना बंद.

एमआरआय: मानेचे मणके वयाप्रमाणे झिजलेले, मज्जारज्जूवर दाब नाही. मज्जारज्जूत बदल दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, स्कॅन साफ असला तरी तपासणीत जे सापडलं ते खोटं ठरत नाही.

आरडीडब्ल्यूचा अंदाज बरोबर निघाला, लोह आणि बी-१२ दोन्ही कमी. पण इथे डॉक्टरांनी मला वाटलं नव्हतं अशा ठिकाणी बोट ठेवलं. ६४ व्या वर्षी, पाळी बंद झालेल्या बाईचं लोह जातं कुठे? बी-१२ चं कारण सापडलं म्हणून हे सोडून चालणार नाही. पोटात कुठे रक्त जात नाही ना, गाठ नाही ना, ते बघायचं. एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी ठरली. आत्याचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी तिच्याकडेच राहिले.

९ ऑगस्ट

इंजेक्शनं दिवसाआड. पोटॅशियम मुद्दाम तपासलं: नव्या पेशी भराभर बनू लागल्या की ते खाली जाऊ शकतं. ठीक आहे. नव्या पेशींचा आकडा, रेटिक्युलोसाइट, पहिल्यापेक्षा कितीतरी वर. कारखाना सुरू झाला.

१८ ऑगस्ट

दोन्ही दुर्बिणी तपासण्या झाल्या. गाठ नाही, रक्तस्राव नाही. जठराचं अस्तर पातळ झालंय, बायोप्सीतही तेच. कोरा चहा जेवणाला लागून, आम्ल कमी, अस्तर पातळ: लोहही नीट शोषलं जात नसणार, असं डॉक्टरांचं मत. जठरातल्या त्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक. ती नकारात्मक असूनही आजार असू शकतो, म्हणून बी-१२ सध्या तोंडावाटे नको, इंजेक्शननेच.

औषधांचे निर्णय, सगळे डॉक्टरांचे: पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करून बंद. एकदम सोडलं तर आम्ल उसळतं. मेटफॉर्मिन परत १ ग्रॅमवर. चक्करेच्या गोळ्या बंद, झोपेची गोळी बंद. लोह सुरू, चहापासून दोन तास लांब.

जीभ बरी आहे. काल ठेचा खाल्ला, थोडाच, पण खाल्ला.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मुंग्या वाढल्या! आत्या घाबरली, इंजेक्शन बंद करते म्हणाली. डॉक्टरांना फोन: नसा सावरताना सुरुवातीला असं काहींना होतं, थांबू नका. मोदक तिने बसून केले, उकड मात्र शेजारणीने काढली.

२० ऑक्टोबर

हिमोग्लोबिन १२.१, आरडीडब्ल्यू १५.८, होमोसिस्टीन १२. एचबीए१सी ६.७, तेही मेटफॉर्मिन निम्मं केल्यावर. मीटरचे आकडे आधीसारखेच. आता दोन्ही गेज जुळतात.

मुंग्या घोट्यावरून खाली आल्या, तळवे अजून बधिर. ट्यूनिंग फोर्क घोट्यावर अंधुक जाणवतो. पेरं उजळली, हे तिच्या मैत्रिणींनी आधी ओळखलं. शब्दकोडं निम्मं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: रक्त आठवड्यांत भरतं, नसांना सहा महिने, वर्ष, आणि जे फार दिवस बिघडलेलं आहे त्यातलं काही परत येईलच असं नाही. मुंग्या सुरू होऊन दोन वर्षं झाली आहेत.

केस गळणं थांबलेलं नाही. लोह भरल्यावर बघू म्हणाले.

१० नोव्हेंबर

बाबांचंही तपासून घेतलं. ते आत्याचे थोरले भाऊ, शाकाहारी, मेटफॉर्मिनवर आठ वर्षं. बी-१२: ४१०. नसांची तपासणी ठीक. पित्ताची गोळी कधी घेतलेली नाही आणि रोज रात्री पेलाभर दूध. दरवर्षी तपासायचं एवढंच ठरलं. बाबा जिंकल्यासारखे दिसत होते.

१२ जानेवारी २०२५

आत्याने आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे, आणि न्हाणीघराच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला. रात्रीचे दिवे बॅटरीवरचे. हे सगळं डॉक्टरांनी नव्हे, प्लंबरने सुचवलं.

बंद झालेले मुद्दे: जीभ, दम, धडधड, पेरं, थायरॉइड, साखरेचा न जुळणारा आकडा.

उघडे मुद्दे: तळव्यांचा बधिरपणा, अंधारातला तोल (सुधारतोय), केस. खांदा पहिल्यापासून वेगळाच होता, त्यासाठी फिजिओथेरपी डिसेंबरपासून, हात कानापर्यंत येतो.

बी-१२ चं इंजेक्शन आता महिन्याला एक, पुढचं १० फेब्रुवारीला. मार्चमध्ये सीबीसी आणि फेरिटिन. एक पानी कागदाच्या झेरॉक्स सगळ्या फायलींत लावल्या. दातांच्या डॉक्टरांकडची तेवढी राहिली आहे, गुरुवारी कवळी दाखवायला जाणार आहोत तेव्हा देऊ.